खंडाळा ते कर्जत, खिडकी बंद

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. दोघंही हिंजवडीला कामाला. मागच्या महिन्यात ती दोघं काचेच्या छताच्या डब्यातून मुंबईला जाऊन आली आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल त्याला मोबाइल दाखवत सुटली आहेत. मलाही दाखवला. धबधबा, ढग, बोगदा, पुन्हा ढग, आणि प्रत्येक दृश्याच्या पुढे त्या दोघांचे चेहरे. घाट म्हणून जो काही उरला होता, तो त्यांच्या कानांच्या आजूबाजूला.

"काका, यू मस्ट गो. लाइफमध्ये एकदा तरी हा घाट बघायलाच पाहिजे," तो म्हणाला.

"गेलोय," मी म्हटलं.

"किती वेळा?"

"नऊ वर्षं. रविवार आणि सुट्ट्या सोडून रोज."

"वॉव! मग तर तुमच्याकडे काय काय मेमरीज असतील!"

"आहेत ना. पत्र्याच्या."

तो मोठ्यानं हसला. पुण्यातल्या म्हाताऱ्याचं बोलणं कळलं नाही की हसायचं, असं त्यांना कंपनीत शिकवत असावेत.

रेल्वेच्या प्रवासाबद्दल हळवं व्हायला लोकांना फार आवडतं. दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या अंकात तसला एक लेख असतोच. त्यात धरतीनं हिरवा शालू नेसलेला असतो, डोंगरांनी ढगांचे फेटे बांधलेले असतात, म्हणजे एकूण लग्नाचीच गडबड, आणि या सगळ्या गडबडीत लेखक खिडकीशी बसून अंतर्मुख झालेला. ती खिडकी त्याला मिळाली कशी, हे मात्र कोणी लिहीत नाही. जणू पुणे स्टेशनवर रेल्वेनं त्याच्या नावाची पाटी लावून ठेवली होती. मला फक्त खिडकीबद्दलच लिहायचं आहे, कारण आयुष्यातली नऊ वर्षं मी एका खिडकीसाठी झुरलो आणि ती वर्षं फुकट घालवण्याचं बरंचसं श्रेय माझंच आहे.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. वर्तमानपत्रांत रोज देशाची दारं उघडत होती. आमच्या कंपनीनं त्या आनंदात पुण्याची कचेरी बंद केली आणि आम्हा चौघांना सांगितलं की उद्यापासून मुंबईच्या मुख्य कचेरीत या. तिघांनी नोकरी सोडली. माझी बायको पुण्यातल्या शाळेत शिकवत होती, मुलगी त्याच शाळेत शिकत होती, आणि मुंबईत राहायचं म्हटलं तर आमच्या शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या बदल्यात तिथे एक कोपरा मिळाला असता. तेव्हा मी मासिक पास काढला. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं.

त्या गाडीला पासधारकांचा एक वेगळा डबा होता. बाहेरच्या माणसाला वाटेल, पास काढला की बसायला मिळतं. असं काही नव्हतं. डबा रेल्वेचा असला तरी राज्य पासधारकांचं होतं आणि त्यांचे नियम रेल्वेपेक्षा कडक. नवा माणूस आधी उभा राहायचा. कोणी रजेवर असला तर त्या दिवसापुरती त्याची बदली जागा मिळायची. काही महिन्यांनी तीन जणांच्या बाकावरची वाटेकडची जागा कायम व्हायची, मग काही वर्षांनी मधली, आणि खिडकीवाला निवृत्त झाला, बदलून गेला किंवा देवाघरी गेला, की खिडकी. सरकारी कचेरीत बढती मिळते तशीच ही जागा चढत जायची, फरक इतकाच की इथे वशिला चालत नसे. खिडकी मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी डब्यात पेढे वाटत असे. दुसऱ्या वर्गाच्या रेक्झिन फाटलेल्या बाकावर सरकून बसल्याबद्दल पेढे. मी त्या प्रथेला मनापासून हसलो होतो, आणि त्याच दिवशी मनात माझ्या पेढ्यांचं दुकानही ठरवलं होतं.

आमच्या बाकाची खिडकी दरीच्या बाजूला होती. लोणावळा गेलं, खंडाळा मागे पडलं, की गाडी घाट उतरायला लागते आणि कर्जतपर्यंत त्या बाजूला नुसती दरी. परतताना अंधार झालेला असे, त्यामुळे घाट बघायचा तो सकाळीच. आणि सकाळी, अगदी खंडाळ्याला, आमचे खिडकीवाले गृहस्थ खिडकी बंद करायचे.

हे गृहस्थ एका बँकेत मुंबईला हेडक्लार्क होते. सडपातळ, गोरे, नाकावर चष्मा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. तपकिरी रंगाचा एक मफलर हिवाळ्यात त्यांच्या गळ्यात आणि उरलेलं वर्ष पिशवीत. शिवाजीनगरपासून खंडाळ्यापर्यंत ते वर्तमानपत्र वाचत. खंडाळा आलं की पेपराची घडी घालत, उठत, वरची झडप दोन्ही हातांनी धरत आणि खाडकन खाली ओढत. त्या खिडकीची काच वर कायमची अडकून बसली होती. खाली यायची ती फक्त पत्र्याची झडप. ती आली की समोर राखाडी पत्रा, त्याला आडव्या फटी, आणि फटींतून बोटभर उजेड. कर्जत आलं की ते पुन्हा उठत आणि झडप वर ढकलत. मग बाहेर कर्जतचा फलाट दिसे आणि वडे वडे असं ओरडणारी माणसं. निसर्गानं जेवढा म्हणून देखावा मांडला होता, तेवढा नेमका वगळून बाकीचा सगळा प्रवास आम्ही उघड्या खिडकीनं करत असू.

पहिली तीन वर्षं मी वाटेकडे बसलो आणि नंतरची सहा मध्ये, त्यांच्या खांद्याला खांदा लावून. वाटेकडच्या जागेवर माझ्यानंतर भवानी पेठेतले एक विमा कचेरीतले गृहस्थ आले. ते पुण्यात बाकावर टेकले की दादरला डोळे उघडत. त्यांना दरी असली काय आणि भिंत असली काय. त्रास होता तो मला एकट्याला. पुढच्या बाकाची खिडकी उघडी असायची, पण तिच्यात बसणारे गृहस्थ खिडकीपेक्षा रुंद होते. दारात जाऊन उभं राहावं, तर तेवढ्यात उभा असलेला कोणीतरी नवा माणूस माझ्या जागेवर बसून पेंगायला लागायचा. तो उठेपर्यंत ठाणं यायचं.

मी मनातल्या मनात त्या गृहस्थांचे धिंडवडे काढत असे. मला त्यांच्याबद्दल तीन शंका होत्या. एक, माणूस मुळातच रुक्ष असावा आणि झाडं बघून त्याला बँकेची फर्निचरची फाइल आठवत असावी. दोन, त्याला वारा बोचत असावा. पण वारा बोचतो तर मफलर कशाला? ज्याच्याकडे मफलर आहे त्यानं खिडकी बंद करावी, म्हणजे छत्री असून पावसात घराबाहेर न पडण्यासारखं झालं. म्हणून तिसरी शंका, आणि मला तीच खरी वाटे: स्वतःला मिळालेली वस्तू दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसू नये, इतकीच त्या माणसाची इच्छा असावी. पुण्यात अशी माणसं असतात. मी स्वतः त्यांतलाच असल्यामुळे मला ओळखायला वेळ लागला नाही.

आता कोणीही विचारेल, आणि माझ्या बायकोनं विचारलंच.

"अहो, रोज तीन तास त्यांच्या शेजारी बसता ना? मग विचारा की तोंडानं, खिडकी का लावता म्हणून."

"ज्येष्ठांना असं विचारत नाहीत."

"मग काय करतात?"

"वहीत लिहितात," मी म्हटलं.

ती वही म्हणजे त्या डब्याचं संविधान. लाल कापडी पुठ्ठ्याची, जाडजूड. रोज सकाळी गाडी सुटली की ती हातोहात फिरायची. पुढच्या पानांवर हजेरीची सही, मागच्या पानांवर सूचना, विनंत्या आणि तक्रारी. तोंडी तक्रार आमच्या डब्यात ग्राह्य नव्हती. तोंडी बोललं की भांडण होतं आणि लिहिलं की ते कामकाज होतं, असा त्यामागचा विचार. वही सांभाळायची आणि तक्रारींवर शेरे मारायचे, हे काम होतं आमच्या खिडकीवाल्या गृहस्थांकडेच. लाल पेन त्यासाठीच होतं.

मधल्या जागेवर आल्यावर एका सोमवारी मी पहिली तक्रार लिहिली. सही करण्याचा धीर झाला नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच न्यायाधीश, आणि मांडीला मांडी लावून बसायचं. म्हणून डाव्या हातानं, मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं: "घाटात दरीच्या बाजूची खिडकी उघडी ठेवण्यात यावी. एक त्रस्त प्रवासी." दुसऱ्या दिवशी खाली लाल अक्षरांत शेरा होता: "निनावी. दखल घेतली जात नाही."

मी महिनाभर थांबून पुन्हा लिहिलं: "खिडकी बाहेर बघण्यासाठी असते असा आमचा समज आहे. समज चुकीचा असल्यास कळवावे." शेरा आला: "समज कळला. सही कळली नाही."

मग मला चेवच चढला. दर महिन्या-दोन महिन्यांनी त्रस्त प्रवासी प्रकट व्हायचा. "खंडाळा ते कर्जत हा प्रवास मालगाडीतून केल्याचा भास होतो." शेरा: "मालाला तक्रार करता येत नाही. निनावी." एकदा मी नुसतंच लिहिलं, "पत्रा फार सुंदर आहे." त्यावर त्यांनी लिहिलं, "आभार." लिहून झालं की मी वही विमावाल्यांच्या मांडीवर सरकवायचो आणि निर्विकार चेहऱ्यानं समोर बघत बसायचो. दुसऱ्या दिवशी खिडकीवाले शेजारी बसून लाल पेनानं शेरा मारायचे, तेव्हा मी कोपरानं कोपर लागू नये म्हणून अंग चोरून घ्यायचो. आमच्या दोघांत एका वितीचं अंतर होतं आणि पत्रव्यवहार मात्र दोन देशांमधला असावा तसा चालला होता. या सहा वर्षांत आम्ही एकमेकांशी तोंडानं बोललो ते एवढंच: "सरकता का जरा", "आज उशीर आहे", आणि "आपला पेपर बघू का".

एवढं सगळं करून त्या माणसाचा मला राग किती होता म्हणाल, तर रविवारी सकाळी चहा पितानासुद्धा खंडाळ्याच्या वेळेला माझे दात आवळले जायचे.

मग जागा भराभर हलायला लागल्या. हिंजवडीत कंपन्या उभ्या राहिल्या आणि डब्यातली तरुण मुलं एकेक करून गळाली. काल आमच्याबरोबर दाराशी उभा असलेला मुलगा आज कंपनीच्या बसमधून डुलत्या खुर्चीत बसून जाताना दिसायचा, गळ्यात फोटोचं कार्ड. द्रुतगती मार्ग झाला, तेव्हा ज्यांना गाडी परवडली ते रस्त्यानं जायला लागले. आणि मग बँकांनी आपल्या जुन्या माणसांना सांगितलं की तुम्ही आपण होऊन घरी गेलात तर फार बरं होईल. स्वेच्छानिवृत्ती असं गोड नाव होतं त्याला. पाच-सहा महिन्यांत डब्यातले सगळे जुने खांब निघाले. ज्या खिडकीसाठी माणसं पंधरा-पंधरा वर्षं थांबायची, त्या खिडक्या आता मोकळ्या पडल्या होत्या आणि बसायला माणूस नव्हता. पेढे वाटले तर खाणार कोण, अशी अवस्था.

आमच्या गृहस्थांनीही अर्ज दिला. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी डब्यात आम्ही नऊ जण उरलो होतो. नारळ दिला, शाल दिली, विमावाले त्या दिवशी खंडाळ्यापर्यंत जागे राहिले. खंडाळा आलं. मला वाटलं, निदान आज तरी. ते उठले, दोन्ही हातांनी झडप धरली आणि खाडकन खाली ओढली. मी मनात म्हटलं, जाता जाता सवय दाखवलीच. कर्जतला झडप वर ढकलून त्यांनी लाल वही माझ्या हातात दिली.

"ज्येष्ठ आता तुम्हीच. वही तुमच्याकडे आणि खिडकीही. मागची पानं सवडीनं वाचा. अगदी पहिल्यापासून."

दोन जानेवारीला मी खिडकीत बसलो. पेढे नेले होते, निम्मे परत आणावे लागले. खंडाळा आलं, गेलं, आणि झडप वरच राहिली. नऊ वर्षांनी मला तो घाट दिसला. खोटं कशाला बोलू, छातीत धस्स झालं. मला वाटली होती त्याहून दरी कितीतरी खोल. खाली पायवाटेची पांढरी रेघ, तिच्या टोकाला एक लहानशी वाडी, एका अंगणात वाळत घातलेली गोधडी, आणि कोणीतरी बाई हाताची सावली डोळ्यांवर धरून आमच्या गाडीकडे बघत उभी. ही बाई रोज इथे उभी राहत असेल आणि रोज आमच्या डब्यातली ही एकच खिडकी तिला बंद दिसत असेल, असं काहीतरी मनात आलं. वाटलं, एवढंसं दाखवायला त्या माणसाचं काय जात होतं?

घाट उतरताना ब्रेक तपासायला गाडी मध्येच थांबते. तेवढ्या वेळात मी वही काढली आणि त्यांच्यावर दात खात पहिल्या पानापासून मागच्या नोंदी वाचायला घेतल्या. चौथ्या-पाचव्या पानावर एक नोंद होती. निळी शाई, सुबक अक्षर.

"माननीय महोदय, घाटात वारा लागून माझा कान फार ठणकतो. तरी खंडाळा ते कर्जत दरीच्या बाजूची खिडकी बंद ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."

खाली पूर्ण सही. माझी. तारीख मी डब्यात आलो त्या जानेवारीतली.

त्या महिन्यात मला सडकून सर्दी झाली होती, हे आठवलं. डोकं नुसतं भरलेलं. रजेवर असलेल्या कोणाच्या तरी जागी मला या बाकावर बसवलं होतं, आणि नियम नवीन शिकलो होतो म्हणून मोठ्या हौसेनं मी वहीत अर्ज लिहिला होता. दोन आठवड्यांत कान बरा झाला आणि अर्ज मी साफ विसरलो. त्याखाली लाल शेरा होता: "मान्य. अर्जदार मागे घेईपर्यंत लागू."

मी तो शेरा तीन-चारदा वाचला. गाडी सुटली, बोगदे आले आणि गेले, उजेड-अंधार, उजेड-अंधार. उरलेला सगळा घाट उघड्या खिडकीतून सरकत गेला आणि मी वहीत डोकं घालून बसलो. नऊ वर्षं ज्याला शिव्या मोजल्या, तो माणूस नऊ वर्षं माझा कान सांभाळत होता. माझी मलाच लाज वाटली, आणि ती कोणाला दाखवावी अशी सोयसुद्धा नव्हती, कारण शेजारी विमावाले घोरत होते.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. वारज्याला तेव्हा नुकत्याच इमारती उठत होत्या. चहूकडे खडी, वाळू आणि उरलंसुरलं ज्वारीचं शेत. त्यांच्या मुलानं तिथे फ्लॅट घेतला होता. दार त्यांनीच उघडलं.

"या. वही आणलीत?"

मी बसलो. रिक्षात पाठ करून आणलेलं वाक्य म्हणून टाकलं. "तो त्रस्त प्रवासी मीच होतो."

"माहीत आहे."

"अक्षरावरून?"

"अक्षर तुम्ही डाव्या हातानं काढायचात. हजेरीवरून. तुम्ही रजेवर असलात की त्रस्त प्रवासीही रजेवर. तुमच्या मेव्हण्याच्या लग्नाला तुम्ही पंधरा दिवस गेला होतात. त्या पंधरा दिवसांत आपल्या डब्यात कोणालाही कसलाच त्रास नव्हता."

"अहो, मग उघडायचीत ना खिडकी!"

"कशी उघडणार? सही केलेला अर्ज म्हणतो बंद ठेवा. बिनसहीचा म्हणतो उघडा. मी कुठला धरायचा?"

"पण दोन्ही मीच लिहिले होते!"

"ते तुम्ही वहीत कुठे नोंदवलंत?"

मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. माणूस मूर्ख होता, यात शंका नाही. पण त्याच्या मूर्खपणाला सही-शिक्का होता, माझा तर निनावी. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. त्यांनी आमचं सगळं बोलणं आतून ऐकलं होतं.

"म्हणजे ते कानवाले तुम्हीच का?" त्या म्हणाल्या. "ह्यांना त्या घाटाचं भारी वेड हो. अकरा वर्षं वाट बघितली खिडकीसाठी. मिळाली तेव्हा आळीभर पेढे वाटले. रोज घरी आले की चहा घेताना सांगायचे, आज वाडीत कोणाचं लग्न होतं, आज धुकं किती खाली होतं. असे सात-आठ महिने गेले असतील. मग एकदम सांगायचेच थांबले. मी म्हटलं, कंटाळले असतील."

ते बशीतली मिरची बाजूला काढत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

सात-आठ महिने. अकरा वर्षांच्या बदल्यात एवढाच घाट त्यांच्या वाट्याला आला होता, आणि मग मी सर्दी घेऊन त्या डब्यात चढलो.

"तुम्ही मला सांगायचंत," मी म्हटलं.

"तुम्ही मला विचारायचंत. एकदा नुसतं तोंडानं म्हणाला असतात, कान बरा आहे, तरी मी उघडली असती."

"तोंडी चालत नाही ना आपल्यात."

"नसेल चालत. मी चालवलं असतं."

मी वही उघडली आणि तिथेच, पोह्यांची बशी बाजूला सारून, अर्ज मागे घेत असल्याचं लिहून दिलं. खाली पूर्ण सही केली. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, खिशातून लाल पेन काढलं आणि "मान्य" असं लिहिलं. निवृत्त माणसाच्या घरच्या सदऱ्यालाही लाल पेन होतं.

"उद्या चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. "खिडकी तुमची."

"मी आता पासधारक नाही. नियमात बसत नाही."

"नियम करतो. वही माझ्याकडे आहे." आणि मी लिहिलं, की खिडकीधारकास वर्षातून एकदा पाहुणा आणता येईल.

त्यांनी तेही वाचलं. "सूचक आहे. अनुमोदक कोण?"

"मी!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "जा एकदाचे आणि घरातली कटकट कमी करा."

सोमवारी ते आले. तिकीट काढून, मफलर गुंडाळून, वेळेच्या अर्धा तास आधी. डब्यात आता अनोळखी चेहरेच जास्त होते, त्यांना कोणी ओळखलं नाही. मी त्यांना खिडकीत बसवलं आणि स्वतः मध्ये बसलो, माझ्या जुन्या जागी. खंडाळ्यापर्यंत त्यांनी पेपर वाचला. खंडाळा आलं. त्यांनी घडी घातली, ते उठले आणि त्यांचे दोन्ही हात सवयीनं झडपेला लागले.

"राहू द्या," मी म्हटलं. तोंडानं.

ते खाली बसले. दरी उघडली. त्यांनी वाहवा केली नाही, कोणाचा शालू काढला नाही की फेटा बांधला नाही. बराच वेळ नुसते बघत होते. मग काचेवर बोट ठेवावं तसं हवेत बोट ठेवून म्हणाले, "ती वाडी. तेव्हा दोन घरं होती. पाच झाली." पुढे एका वळणावर म्हणाले, "इथलं मोठं झाड गेलं." एका माणसानं नऊ वर्षं न बघितलेल्या गोष्टींची हजेरी घ्यावी तसं ते चाललं होतं, आणि प्रत्येक गैरहजेरी माझ्या नावावर लागत होती.

ब्रेक तपासायला गाडी थांबली. खालून सरळ वर येणारा वारा आत घुसला आणि माझा कान ठणकायला लागला. खरोखरच. तोच कान. मी जीभ दाताखाली धरून समोर बघत बसलो. त्या दिवशी तो कान गळून पडला असता तरी मी अवाक्षर काढलं नसतं.

त्यांनी बाहेरची नजर हलवली नाही. नुसता हात वर करून त्यांनी गळ्यातला मफलर सोडवला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"बांधा."

मी दोन्ही कानांवरून घट्ट बांधला. ठणका थांबला, खिडकी उघडी राहिली. तो मफलर नऊ हिवाळे आमच्या दोघांच्या मध्ये होता, आणि वहीत कोणीच लिहिला नव्हता म्हणून आम्हाला सुचला नाही.

कर्जतला वडेवाल्यांचा गलका सुरू झाला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कान?"

"बरा आहे," मी म्हटलं.